आघाडा: घरच्या औषधात त्याची जागा कुठे आणि किती

आपण विचारले आहे की शेताच्या बांधावर आणि विहिरीच्या कडेला दर पावसाळ्यात आघाडा माजतो, आजी तो दातदुखी, खोकला, मूळव्याध आणि विंचवाच्या दंशावर वापरीत असे, आणि अलीकडे त्याच्या बियांनी भूक मरून वजन उतरते असेही आपल्या कानावर आले आहे. तेव्हा यातले काय करावे, काय टाळावे, आणि ही वनस्पती राखावी की तणनाशक मारून संपवावी. मी वैद्यकी करतो आणि आघाडा माझ्या नेहमीच्या वापरातला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझे मत आधीच सांगून ठेवतो. आघाड्याची जी ताकद कसोटीला उतरली आहे ती त्याच्या क्षारात, म्हणजे झाड जाळून त्याच्या राखेतून काढलेल्या दाहक पुडीत आहे, आणि तो क्षार घरी करून घरीच वापरण्याचे औषध नाही. घरच्या वापरासाठी जे उरते ते थोडे आहे, पण चांगले आहे. विंचू आणि बाळंतपण या दोन बाबतींत मात्र आघाड्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते, म्हणून त्यांविषयी मी अधिक लिहिणार आहे.

प्रथम ओळख पक्की करू. आघाडा हा राजगिरा, माठ आणि कुर्डू यांच्याच कुळातला असून त्याचे शास्त्रीय नाव अकिरँथस अस्पेरा असे आहे. झाड साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढते, ओल आणि सावली मिळाली तर त्याहून उंच जाते. खोड कोनदार आणि पेरांशी फुगीर असते, पाने समोरासमोर येतात आणि त्यांवर बारीक लव असते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात शेंड्यातून वीतभर ते हातभर लांबीचा तुरा निघतो. त्यावरची हिरवट फुले उमलून गेली की खाली वळून दांड्याला चिकटतात, आणि त्यांची टोकदार कुसळे जमिनीकडे तोंड करून राहतात. त्यामुळे तुऱ्यावरून बोट वरून खाली फिरवले तर फारसे लागत नाही, खालून वर फिरवले की टोचते. हीच कुसळे धोतराला, साडीच्या काठाला आणि गुरांच्या अंगाला चिकटून बी गावभर पसरवतात. कुर्डूचा तुरा गुलाबी-रुपेरी, मऊ आणि न टोचणारा असतो, म्हणून तुरा आल्यावर दोहोंत गोंधळ होण्याचे कारण नाही. हिरवट खोडाचा तो पांढरा आघाडा आणि लालसर खोडाचा तो तांबडा असा भेद जुन्या ग्रंथांतही आहे, आणि औषधाला बहुधा पांढरा घेतात. उघड्या, कोरड्या जागेतल्या पांढऱ्या आघाड्यावरही थोडी लाली चढलेली मी पाहिली आहे, म्हणून केवळ खोडाच्या छटेवरून फार तर्क करू नये.

महाराष्ट्रात आघाडा ओळखणारी माणसे अजून पुष्कळ आहेत, याचे श्रेय सणवारांना द्यावे लागते. श्रावणात जिवतीच्या कागदाला आघाडा-दूर्वांची माळ घालतात, गणपतीच्या एकवीस पत्रींत आघाडा असतो, ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासण्याचा प्रघात आहे, नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात त्याची डहाळी अंगावरून फिरवतात, आणि नवग्रहांच्या समिधांत बुधाची समिधा आघाड्याचीच. औषधाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण रानऔषधातले बरेचसे अपघात चुकीचे झाड उपटल्याने होतात आणि आघाड्याच्या बाबतीत ती शक्यता कमी राहते. शहराच्या बाजारात पत्री म्हणून मिळणाऱ्या जुड्या मात्र पूजेपुरत्याच ठेवाव्यात. त्या कोणत्या गटाराच्या किंवा हमरस्त्याच्या कडेच्या आहेत हे विकणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसते.

ग्रंथांत या वनस्पतीला अपामार्ग म्हणतात. अथर्ववेदात तिला उद्देशून सूक्ते आहेत, आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय तर तिच्याच बियांच्या नावाने, म्हणजे अपामार्गतण्डुलीय या नावाने, ओळखला जातो. त्या अध्यायाची सुरुवात शिरोविरेचनाच्या द्रव्यांनी होते, म्हणजे नाकावाटे देऊन डोक्यातला साचलेला कफ बाहेर काढणाऱ्या द्रव्यांनी, आणि पुढे त्याच संहितेत शिरोविरेचनाच्या द्रव्यांत आघाड्याला श्रेष्ठ म्हटले आहे. एवढ्यावरून एक गोष्ट लक्षात यावी, की आपल्या पूर्वीच्या वैद्यांनी आघाडा सौम्य मानलेला नाही. तो तिखट-कडू, उष्ण आणि तीक्ष्ण आहे. तो खरवडतो, फोडतो, बाहेर काढतो. ‘रानातले आहे, अपाय तो काय होणार’ असे जे सर्रास म्हटले जाते ते आघाड्याला अजिबात लागू पडत नाही.

आता क्षाराकडे येतो. पूर्ण वाढलेले, तुरे आलेले आघाडे मुळासकट काढून, माती झटकून कडकडीत वाळवतात आणि स्वच्छ जागी जाळून त्यांची पांढुरकी राख करतात. ही राख चार ते सहा पट पाण्यात कालवून रात्रभर ठेवतात, दुसऱ्या दिवशी वरचे पाणी गाळ न हलवता काढून दाट कपड्यातून पुन्हा पुन्हा गाळतात, आणि ते नितळ पाणी मंद आचेवर आटवले की भांड्याच्या तळाशी पांढरट पूड उरते. तोच अपामार्गक्षार. तो हवेतली ओल पटकन ओढून घेतो, म्हणून घट्ट बुचाच्या कोरड्या काचेच्या बाटलीत ठेवावा लागतो. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट आणि इतर क्षार असतात आणि तो चांगलाच दाहक असतो. झाड जळताना त्यातली सॅपोनिनांसारखी (म्हणजे पाण्यात साबणासारखा फेस आणणारी) सगळी सेंद्रिय द्रव्ये नष्ट होतात, त्यामुळे आघाड्याचा काढा आणि आघाड्याचा क्षार ही दोन अगदी वेगळी औषधे आहेत. एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवून सांगणारे लेख वाचण्यात येतात, त्यांवर विश्वास ठेवू नये.

या क्षाराचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे क्षारसूत्र. गुदद्वाराजवळ भगंदराची नळी तयार झाली की ती पुन्हा पुन्हा भरते, फुटते आणि वाहते, आणि शस्त्रक्रियेनंतरही परत उद्भवण्याची तिची खोड असते. औषध लावलेला दोरा अशा नळीतून ओवून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. वाराणसीच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तिला पुन्हा शास्त्रशुद्ध रूप दिले. आज प्रचलित असलेल्या पद्धतीत लिननच्या दोऱ्यावर एकूण एकवीस लेप चढवतात: पहिले अकरा थोर निवडुंगाच्या चिकाचे, पुढचे सात चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे, आणि शेवटचे तीन चीक आणि हळद यांचे. प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा द्यायचा असतो. असा दोरा नळीत बांधून दर आठवड्याला बदलत गेले की तो नळी हळूहळू कापत जातो, आतली सडलेली अस्तरे झडतात आणि मागून जखम भरत येते. कापणे आणि भरणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात, हे या उपचाराचे मर्म आहे.

याची परीक्षाही झालेली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर क्षारसूत्र आणि शस्त्रक्रिया यांची रीतसर तुलना केली आणि तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने जखम भरायला सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेनंतर सुमारे ४; पण भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रानंतर ४ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के आढळले. बांधावरच्या तणापासून निघालेल्या औषधाची आधुनिक शस्त्रक्रियेशी अशी सरळ तुलना होऊन ते दीर्घ मुदतीत वरचढ ठरावे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि रुग्णांना दुप्पट काळ धीर धरायला सांगताना मी हेच आकडे त्यांच्यापुढे ठेवतो.

मूळव्याधीच्या बाहेर येणाऱ्या मोडांवर क्षार लावण्याचीही पद्धत आहे. ती सुश्रुतसंहितेइतकी जुनी आहे आणि सुश्रुताने क्षारासाठी जी झाडे सांगितली त्यांत आघाडा आहेच. यात क्षार मोडावर लावून, ठरावीक वेळ थांबून, मोडाला पिकलेल्या जांभळाचा रंग आला की तो लगेच लिंबाच्या रसासारख्या आंबट द्रवाने धुऊन निष्प्रभ करतात. अल्कली आणि आम्ल यांचा हा हिशेब त्या काळच्या वैद्यांना नेमका ठाऊक होता. पण वेळ थोडी पुढे गेली, किंवा क्षार मोडाच्या बाहेर नाजूक त्वचेवर ओघळला, तर खोलवर भाजते, गुदद्वार आकसते आणि आयुष्यभराचा त्रास मागे लागतो. म्हणून घरी केलेली आघाड्याची राख किंवा बाजारातला क्षार स्वतःच्या हाताने मोडांवर कधीही लावू नये. हे काम प्रशिक्षित शल्यवैद्याचे आहे.

मूळव्याधीवर आपल्या आजी करीत असत तो उपाय बहुधा बियांचा असावा. रक्ती मूळव्याधीत आघाड्याचे बी वाटून तांदळाच्या धुवणातून देण्याची रीत ग्रंथांत आहे आणि गावोगावी चालतही आली आहे. थोड्या प्रमाणात, थोडे दिवस, वैद्याच्या देखरेखीखाली तो वापरायला माझी हरकत नाही. पण शौचावाटे रक्त जाते म्हणजे मूळव्याधच असेल असे घरी ठरवून टाकू नये. विशेषतः चाळिशी उलटलेल्या माणसाला नव्याने रक्त जाऊ लागले, शौचाची सवय बदलली किंवा वजन उतरू लागले, तर आधी तपासणी करून घ्यावी. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोगही सुरुवातीला असाच दिसतो, आणि बियांचे औषध घेण्यात गेलेले महिने पुढे भरून काढता येत नाहीत.

खोकल्यावर क्षार मधातून चाटवण्याचा उपाय महाराष्ट्रात घराघरांत होता. घट्ट, चिकट, सुटत नसलेल्या कफाला तो उपयोगी पडतो. कोरड्या ढासेला, घशात आग असताना किंवा आम्लपित्ताच्या माणसाला तो बाधतो. मात्रा अगदी तोकडी असते आणि ती वय, बळ आणि पचन पाहून ठरवायची असते, म्हणून येथे मी आकडा देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तर क्षारही नको आणि मधही नको. मूतखड्यावरही हाच क्षार देतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, आणि रक्तदाबाची किंवा हृदयाची अशी औषधे चालू असलेल्यांनी की ज्यांमुळे शरीरात पोटॅशियम साठते, तो डॉक्टरांना न सांगता अजिबात घेऊ नये. रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाची लय बिघडते, आणि ते बाहेरून कळत नाही. आघाड्याचा क्षार म्हणजे ‘नुसती राख’ असे समजून रोज चमचाभर घेणारी माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा मी प्रथम त्यांच्या रक्ताची तपासणी करवून घेतो.

आता जे निःशंकपणे घरी करता येईल ते सांगतो, आणि त्यात पहिला मान दातवणाचा. करंगळीएवढ्या जाडीचे ताजे मूळ किंवा खोडाचा खालचा भाग वीतभर तोडून स्वच्छ धुवावा, साल थोडी खरवडावी, आणि एक टोक दाढांखाली चावून त्याचा कुंचला करावा. त्याने हिरड्यांना न खरचटता, दातांच्या उभ्या रेषेत हलक्या हाताने घासावे. चव तुरट-कडवट असते, लाळ भरपूर सुटते, ती थुंकून टाकावी आणि शेवटी चूळ भरावी. सुजऱ्या, थोडे रक्त येणाऱ्या हिरड्यांना याने काही दिवसांत आराम पडतो असा माझा अनुभव आहे. मात्र दात किडून खड्डा पडला असेल, गालावर सूज आली असेल किंवा रात्री ठणका लागत असेल, तर आघाडा त्या दाताला वाचवू शकत नाही. तेथे दातांचे डॉक्टरच हवेत. दातवण पाहिजे तेव्हा ताजे तोडावे. वाळलेल्या काडीने हिरड्या सोलवटतात.

दुसरा घरगुती उपयोग पानांचा. ताजी पाने धुऊन पाट्यावर वाटून त्यांचा लेप गांधीलमाशीच्या किंवा मधमाशीच्या दंशावर, पायात रुतलेल्या काट्याच्या सुजेवर आणि न फुटलेल्या लहान गळवावर लावतात. काटा किंवा नांगी आधी काढावी आणि मग लेप लावावा. सूज उतरायला आणि खाज शमायला तो मदत करतो. उघड्या, खोल किंवा घाण गेलेल्या जखमेत मात्र पानांचा लगदा भरू नये, कारण पानांबरोबर माती जाते आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. माशी चावल्यावर तोंडावर सूज चढली, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागू लागला, तर लेप बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

येथून विंचवाकडे वळतो. विंचू चावला की आघाड्याचे मूळ उगाळून दंशावर लावायचे, काही ठिकाणी ते रोग्याला हुंगवायचे किंवा वरून खाली फिरवायचे, आणि वेदना ‘उतरली’ असे रोग्याने सांगितले की उपचार संपला असे मानायचे, ही पद्धत कोकणापासून विदर्भापर्यंत आहे. ती टिकली कशी, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडच्या बहुसंख्य विंचूदंशांत, विशेषतः मोठ्या काळ्या विंचवाच्या दंशात, कळ भयंकर असते पण विष जीवघेणे नसते, आणि ती कळ काही तासांनी आपोआप ओसरते. त्या तासांत मूळ लावलेले असले की श्रेय मुळाला जाते. लावणारा माणूस प्रामाणिक असतो आणि रोगीही खोटे बोलत नाही, तरीही निष्कर्ष चुकतो.

कोकणातल्या लहान लाल विंचवाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या विषाने शरीरातल्या स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. यात दंशाच्या जागची कळ पुष्कळदा कमी असते, म्हणजे घरच्यांना ज्या खुणेने धीर येतो नेमकी तीच खूण फसवी ठरते. भरपूर घाम, उलट्या, तोंडातून लाळ, हातपाय गार पडणे, लहान मुलग्यांत लिंग ताठ राहणे, आणि पुढे खोकला व धाप ही धोक्याची लक्षणे आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रायगड जिल्ह्यात अशा रोग्यांशेजारी रात्र-रात्र बसून निरीक्षणे नोंदवली, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषाच्या परिणामांवर लागू पडते हे दाखवून दिले आणि ते ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे मांडले. पूर्वी गंभीर दंश झालेल्यांत शंभरातले तीसच्या आसपास रोगी दगावत, ते प्रमाण या उपचारानंतर शेकडा एकाच्या घरात आले. पुढे विंचवावरचे प्रतिविषही उपलब्ध झाले, आणि प्राझोसिनच्या जोडीने ते दिल्यास रोगी आणखी लवकर सावरतो हेही त्यांच्याच अभ्यासात दिसले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सगळे मी आघाड्याच्या उत्तरात लिहितो आहे, कारण प्राझोसिनचा फायदा वेळेवर मिळाला तरच आहे, आणि मूळ शोधणे, उगाळणे आणि वाट पाहणे यांतच मोलाचे तास जातात. विंचू चावल्यावर, आणि त्यातही चावा लहान मुलाला असेल तर, रोग्याला शांत ठेवावे, दंशाची जागा चिरू नये, करकचून आवळू नये, आणि सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. वाटेत कोणी आघाडा लावला तर लावू द्यावा, पण त्यासाठी गाडी थांबवू नये. सापाच्या दंशावरही काही भागांत आघाडा सांगतात; तेथे तर माझे उत्तर याहून कडक आहे, सर्पदंशावर प्रतिविषाखेरीज औषध नाही.

दुसरा धोका बायकांच्या बाबतीतला आहे आणि त्याविषयी उघड बोलले जात नाही. बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून अडलेल्या बाईच्या कमरेला किंवा केसांना आघाड्याचे मूळ बांधतात आणि मूल बाहेर आले की ताबडतोब सोडतात. बांधलेल्या मुळाने प्रत्यक्ष अपाय होत नाही. अपाय होतो तो त्याच्या भरवशावर घरी थांबल्याने. याउलट नको असलेला गर्भ पाडण्यासाठी आघाड्याची काडी गर्भाशयाच्या तोंडात घालण्याचा जो प्रकार खेडोपाडी चालत आला आहे, तो थेट मृत्यूच्या दारात नेणारा आहे. गर्भाशय फाटते, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो, आणि वाचली तरी त्या बाईला पुढे मूल होण्याची शक्यता मावळू शकते. आपल्या देशात १९७१ पासून कायद्याने सुरक्षित गर्भपाताची सोय आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिची मुदत काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली आहे, आणि सज्ञान स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची संमती लागत नाही. हे आपल्या घरातल्या आणि शेतावर कामाला येणाऱ्या बायकांना माहीत असावे, असे मला कळकळीने वाटते. आघाडा पोटात घेतल्यानेही गर्भाला धोका संभवतो, कारण प्राण्यांवरील प्रयोगांत त्याच्या अर्काने गर्भधारणा टिकत नाही असे दिसले आहे. म्हणून गरोदर स्त्रीने आणि दिवस राहावेत अशी इच्छा असलेल्या स्त्रीने त्याचा काढा, बी किंवा क्षार घेऊ नये.

वजन उतरवण्याविषयी आपण विचारले आहे. चरकसंहितेच्या त्याच दुसऱ्या अध्यायात निरनिराळ्या पेजा सांगितल्या आहेत, आणि त्यांतली आघाड्याच्या बियांची पेज भूक मारते असे म्हटले आहे. व्रतस्थ माणसे आघाड्याच्या तांदळांची खीर खाऊन दिवस काढीत अशा गोष्टी आपल्याकडे सांगतात, त्यांचा उगम येथेच असावा. पण भूक मरणे आणि निरोगीपणे वजन उतरणे यांत फार अंतर आहे. या बियांत सॅपोनिने असतात, ती पोटाला चाळवतात, मळमळ आणतात; आणि ज्याची भूकच मेली आहे तो प्रथिने व जीवनसत्त्वे यांनाही मुकतो. कुसळे काढून बी निवडण्याचे काम इतके किचकट आहे की बाजारात तयार मिळणाऱ्या पुडीत नेमके काय आहे याची खात्री देता येत नाही. वजनासाठी मी आजवर कोणालाही हे बी दिलेले नाही आणि आपणही घेऊ नये. मधुमेहावर आघाडा चालतो असे जे म्हणतात, त्याला आधार मुख्यत्वे प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे. त्याच्या जोरावर चालू गोळ्या बंद करणे चुकीचे ठरेल.

भाजी मात्र खुशाल करावी. मृगाच्या पावसानंतर उगवलेल्या, तुरा न आलेल्या कोवळ्या आघाड्याची पाने खुडून, उकळून, ते पाणी टाकून देऊन, मुगाच्या डाळीबरोबर लसणाच्या फोडणीत परतली की चांगली लागतात. पाणी टाकण्याचे कारण असे की या कुळातल्या भाज्यांत ऑक्झलेट असते, आणि मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना ते चालत नाही. कानात आवाज येतो यासाठी क्षाराचे सिद्ध तेल आणि नाक चोंदून डोके जड होते यासाठी बियांची पूड ग्रंथांत आहे, पण कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तेल घालू नये, आणि ती पूड इतकी तीव्र असते की घरी नाकात ओढणे मी सुचवणार नाही.

शेवटी आपल्या बांधाविषयी. तणनाशक मारलेल्या, रासायनिक फवारणीचा वारा जाणाऱ्या किंवा डांबरी रस्त्याला लागून असलेल्या जागेतला आघाडा औषधाला आणि भाजीला घेऊ नये. क्षारासाठी तर नाहीच, कारण जाळल्यावर सेंद्रिय भाग उडून जातो आणि जड धातू राखेत साठून राहतात. म्हणून बांधावरचा थोडा तुकडा फवारणीपासून अलग ठेवून तेथे आघाडा वाढू द्यावा. भाजीसाठी आषाढात, पानांसाठी तुरा येण्यापूर्वी, दातवणासाठी लागेल तेव्हा, आणि क्षारासाठी एखाद्या वैद्यांना द्यायचा असेल तर झाड पक्व झाल्यावर, थंडीत, मुळासकट काढावा. बाकी रानात तो पसरू नये असे वाटत असेल, तर तणनाशकाची गरज नाही. भाद्रपदात, तुरे हिरवे असताना आणि जमिनीत ओल असताना, झाडे मुळासकट उपटावीत. नुसती कापली तर बुंध्यातून पुन्हा फुटतात, आणि तुरे वाळेपर्यंत थांबलात तर उपटणाऱ्यांच्या कपड्यांवरूनच बी पुढच्या वाफ्यात जाते. उपटलेले हिरवे आघाडे शेळ्या खातात. बी धरलेले मात्र शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत, ते वेगळे वाळवून जाळावेत.